इंजिन पुन्हा नीट चालू लागते तेव्हा

संशयी : लहान विमानाचे इंजिन थरथरत, अडखळत चालू लागले असता काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, याची जी सुबक कोष्टके पुस्तकांतून छापलेली असतात ती वाचताना मला नेहमी असा संशय येतो की, ती लिहिणाऱ्यास दोष आधीच ठाऊक होता आणि लक्षणे त्याने मागाहून जुळवली. प्रत्यक्षात वैमानिक हँगरमध्ये येतो आणि एवढेच सांगतो की इंजिन मिसिंग मारते आहे. आता फ्लाइंग क्लबांच्या परिचयाचे सेस्ना १७२ आणि त्यातले लायकमिंग कंपनीचे ओ-३२० हे चार सिलिंडरांचे इंजिन घ्या. मिनिटाला २४०० फेरे या गतीने ते चालत असेल तर, दर दोन फेऱ्यांस एकदा या हिशेबाने, प्रत्येक सिलिंडर मिनिटाला १२०० वेळा पेटतो आणि चोहोंचे मिळून ४८०० स्फोट होतात. त्यांतले काही हुकले की आसनाला, सुकाणूला, पायांखालच्या पत्र्याला जो हिसका बसतो तो सारखाच असतो. मग ते हुकणे पेट्रोल कमी पडल्यामुळे असो, अधिक झाल्यामुळे असो, ठिणगी न पडल्यामुळे असो किंवा झडप जागेवर न बसल्यामुळे असो. इतक्या भिन्न कारणांची तक्रार जर एकाच भाषेत येत असेल, तर तिच्यावरून कारणाकडे उलट चालत जाण्याचा तुमचा जो आत्मविश्वास आहे त्याला आधार कोणता?

पद्धतवादी : आधार असा की या इंजिनाच्या रचनाकारांनी निदानाची सोय इंजिनातच करून ठेवली आहे. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि त्या दोहोंना वीज पुरवणारे मॅग्नेटो निरनिराळे असतात. बॅटरीवर ते अवलंबून नाहीत, इंजिन फिरत आहे तोवर आपली वीज ते आपणच निर्माण करतात. उड्डाणापूर्वी किल्ली 'दोन्ही'वरून आधी एका मॅग्नेटोवर व मग दुसऱ्यावर फिरवली की, ज्वाला एकाच टोकाकडून पसरत असल्यामुळे ज्वलनास वेळ अधिक लागतो आणि फेरे थोडेसे उतरतात. जुन्या १७२च्या पुस्तिकेत १७०० फेऱ्यांवर ही उतरण १२५च्या आत असावी आणि दोन मॅग्नेटोंमधील तफावत ५०च्या आत असावी असा दंडक आहे. आता पाहा: इंजिन उजव्या मॅग्नेटोवर गुळगुळीत आणि डाव्यावर थरथरत चालत असेल, तर पेट्रोल, कार्बोरेटर, झडपा ही जी दोहोंना समाईक अंगे आहेत ती एका क्षणात संशयातून जवळजवळ मुक्त झाली, आणि तपास एक मॅग्नेटो, चार तारा व चार प्लग एवढ्यांपुरता उरला. उलट दोन्हींवर थरथर सारखीच राहत असेल तर ठिणगीचा नाद सोडून मिश्रणाकडे आणि झडपांकडे वळावे. उतरण मोठी पण थरथर नाही, असे असेल तर मॅग्नेटोची वेळ चुकली असण्याचा संभव पाहावा; बहुतेक ओ-३२० इंजिनांत ठिणगी दट्ट्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वी २५ अंशांवर पडली पाहिजे. आणि फेरे मुळीच उतरले नाहीत तर नवशिका खूष होतो, जाणता मात्र सावध होतो. कारण त्याचा अर्थ बहुधा असा की मॅग्नेटो बंद करणारी तार तुटली आहे, किल्ली फिरवूनही तो जिवंतच राहतो, आणि जमिनीवर उभे राहून कोणी सहज हाताने पंखा फिरवला तर जिवावर बेतेल. एका किल्लीच्या दोन वळणांत इतके कळत असेल तर पद्धतीवर विश्वास का ठेवू नये?

संशयी : किल्लीच्या या युक्तिवादात दोन्ही मॅग्नेटो एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीत आहे. १९७७ सालापासूनच्या काही वर्षांत १७२मध्ये ओ-३२०चा जो एच२एडी नावाचा प्रकार बसवला जात असे, त्यात दोन्ही मॅग्नेटो एकाच कवचात, एकाच दांड्यावर फिरणारे होते. त्या दांड्याचे किंवा त्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीचे काही बिघडले तर 'डावा' आणि 'उजवा' या दोन्ही साक्षी एकाच तोंडून येणार. पण तो अपवाद म्हणून बाजूला ठेवू. माझा मुख्य आक्षेप निराळा आहे आणि तो असा की, या इंजिनात तपासणे व बदलणे या दोन क्रिया वेगळ्या राहत नाहीत. तुम्ही किल्ली फिरवता, डावा मॅग्नेटो थरथरतो. लगेच फेरे २०००च्या वर नेऊन, मिश्रण विरळ करून, मिनिटभर इंजिन तापवता. प्लगावरचा शिशाचा मळ जळून जातो आणि पुन्हा पाहता तो सर्व ठीक. वैमानिक उडून जातो. पण तो मळच होता हे कशावरून? तारेच्या आवरणातील भेग तापल्यामुळे मिटली असेल. एखादी झडप चिकटली होती ती उष्णतेने सुटली असेल. इलाज लागू पडला यावरून रोग ओळखला गेला असे मानणे वैद्यकातही धाडसाचे समजतात.

हवेत तर हा घोटाळा अधिकच गडद होतो. कार्बोरेटरमधला बर्फ घ्या. आपल्याकडचा वैमानिक, विशेषतः कोकणपट्टीवर किंवा जुहूसारख्या समुद्रकाठच्या धावपट्टीवर शिकलेला, असे समजून चालतो की बर्फ हा विलायतेच्या हवेचा दोष. घामाने सदरा अंगाला चिकटला असता इंजिनाच्या घशात हिम कोठून येणार? परंतु कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना आणि पेट्रोलची वाफ होताना तापमान वीस-पंचवीस अंशांनी, कधी त्याहूनही अधिक उतरते. हवा दमट असली म्हणजे बाहेर पंचवीस-तीस अंश असतानाही आत बर्फ धरू शकतो, आणि खाली उतरण्यासाठी थ्रॉटल मिटलेले असताना तर अधिकच. फेरे हळूहळू उतरतात, मग थरथर सुरू होते. वैमानिक गरम हवेची कळ ओढतो, आणि वितळलेले पाणी सिलिंडरांत जाऊ लागल्यामुळे थरथर कमी होण्याऐवजी वाढते. कच्चा वैमानिक घाबरून कळ परत आत ढकलतो, म्हणजे नेमका जो उपाय चालू पडला होता तोच बंद करतो. आणि पक्का वैमानिक धीर धरतो, इंजिन सुधारते, विमान उतरते; हँगरमध्ये पोहोचेपर्यंत बर्फाचा मागमूस उरत नाही. आता सांगा, तुमच्या कोष्टकात या पाहुण्याची नोंद कोणत्या पुराव्यावर करावयाची?

पद्धतवादी : तुमचा हा आक्षेप मी मान्य करतो, पण त्यातून पद्धतीचा पराभव होत नाही, तिचे दोन भाग पडतात. हवेतील वैमानिकाला कारण शोधण्याचे काम नाही. त्याला पंखा फिरता ठेवून जवळची धावपट्टी गाठावयाची आहे. म्हणून तो गरम हवा देतो आणि ती दिलेलीच ठेवतो, मिश्रण आधी घट्ट व मग थोडे विरळ करून पाहतो, पेट्रोलची टाकी बदलतो, प्राइमरची मूठ आत ढकलून फिरवून बंद केलेली आहे ना हे पाहतो (कारण ती सैल राहिली तर इंजिन तेथून नको असलेले पेट्रोल शोषीत राहते, आणि कित्येक गूढ दोषांचा उलगडा या क्षुल्लक मुठीत झालेला आहे), आणि सर्वांत शेवटी, उंची हाती असताना, मॅग्नेटो एकेक करून पाहतो; शेवटी अशासाठी की एक मॅग्नेटो अगदीच मेलेला असेल तर किल्ली त्याच्यावर जाताच इंजिन गप्प होईल. सेस्नाच्या पुस्तिकेतही हेच सांगितले आहे की मळलेल्या प्लगाचा संशय असेल तर मिश्रण विरळ करून काही मिनिटे वाट पाहावी, आणि भागले नाही तर किल्ली 'दोन्ही'वर ठेवून जवळच्या विमानतळाकडे निघावे. तेथे निदानाची प्रौढी कोठेच नाही.

कारण शोधण्याचे काम जमिनीवरचे. इंजिन बिघडलेल्या मॅग्नेटोवर थोडा वेळ चालवून बंद करावे आणि चारही एक्झॉस्ट नळ्यांवर बोटाने पाण्याचे थेंब टाकावे. ज्या नळीवर थेंब चुरचुरत नाही तो सिलिंडर पेटत नव्हता. त्याला हवेच्या दाबाची चाचणी लावावी. ८० पौंडांच्या दाबाने हवा आत सोडली असता ती कोठून निसटते हे कानांनी कळते: एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर एक्झॉस्टची झडप, कार्बोरेटरमधून आली तर आतली झडप, तेल भरण्याच्या नळीतून आली तर दट्ट्याच्या कड्या. इंजिन मंद फेऱ्यांवर थरथरत असेल आणि पूर्ण थ्रॉटलवर सुधारत असेल तर कार्बोरेटर व सिलिंडर यांमधील नळीच्या रबरी जोडातून फाजील हवा ओढली जात असावी. मंद फेऱ्यांवर त्या नळीत निर्वात अधिक असतो म्हणून. पावसाळ्यात टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेत काढून पाणी पाहावे, हे तर शिकाऊ मुलगाही जाणतो. यांतला प्रत्येक प्रश्न असा आहे की त्याच्या उत्तराने संशयितांची यादी लहान होते.

आणि सगळ्याच दोषांना असे गूढ समजू नका. आगाखानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील एकट्याच्या उड्डाणासाठी हिंदी वैमानिकांकरिता बक्षीस लावले होते; त्यासाठी १९३० साली जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते आणि अस्पी इंजिनियर इंग्लंडहून कराचीकडे. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली तेव्हा अस्पी स्पार्क प्लगांवाचून अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले, आणि बक्षीस अस्पींनी जिंकले. पुढे ते हवाई दलाचे प्रमुखही झाले. प्लग बदलले आणि विमान पुढे गेले, यात तत्त्वज्ञान कोठे आले?

संशयी : ती कथा टाटांच्या औदार्यासाठी सांगितली जाते आणि ते रास्तच आहे, पण मेकॅनिकच्या दृष्टीने तिच्यात एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला आहे, तो असा की ते प्लग बिघडले कशाने? प्लग हा बहुतेक वेळा दोषाचा कर्ता नसतो, दोष त्याच्या अंगावर दिसतो इतकेच. त्याच्यावर तेल चढले असेल तर कड्या किंवा झडपांच्या नळ्या झिजल्या आहेत; काळी, भुसभुशीत काजळी असेल तर मिश्रण घट्ट आहे; करड्या रंगाच्या कठीण शिशाच्या गोळ्या असतील तर पेट्रोल आणि ते वापरण्याची रीत यांत काही विसंगती आहे. हल्लीच्या १००-एलएल पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते; ८० ऑक्टेनच्या ज्या पेट्रोलासाठी जुनी कमी दाबाची इंजिने बनवली गेली, त्यात याच्या चौथाईच असे. शिशाला वायुरूपाने बाहेर घालवण्यासाठी पेट्रोलात जे द्रव्य मिसळलेले असते ते पुरेशा उष्णतेवाचून काम करीत नाही. म्हणून विद्यार्थी मिश्रण पूर्ण घट्ट ठेवून लांबलचक टॅक्सी करतो, धावपट्टीच्या तोंडाशी परवानगीची वाट पाहत मंद फेऱ्यांवर उभा राहतो, आणि खालच्या बाजूचे प्लग, जेथे शिसे आणि तेल दोन्ही ओघळून साचतात, ते भरून येतात. मेकॅनिक प्लग साफ करतो, वही पुरी होते. विद्यार्थी दुसऱ्या दिवशी तसाच उभा राहतो. प्लग बदलला हे खरे, कारण जागच्या जागी राहिले.

आता तुमच्या जमिनीवरच्या तपासाविषयी. एक्झॉस्टची झडप आपल्या नळीत चिकटण्याचा जो दोष आहे त्याला इंग्रजी मुलखातील मेकॅनिक 'सकाळचे आजारपण' म्हणतात. थंड इंजिन सुरू केले की पहिली मिनिट-दोन मिनिटे एक सिलिंडर हुकतो, मग तापून झडप सुटते आणि दिवसभर इंजिन सुरेख चालते. वैमानिक म्हणतो, थंड होते म्हणून कुरकुरले. मेकॅनिक दुपारी दाबाची चाचणी घेतो. झडप त्या वेळी नीट बसलेली असते. आकडा उत्तम येतो. किल्ली फिरवून पाहतो, उतरण दंडकाच्या आत येते. तुमच्या यादीतला प्रत्येक प्रश्न विचारून झाला आणि प्रत्येकाचे उत्तर 'ठीक' आले. एखाद्या दिवशी तीच झडप उड्डाणाच्या ऐन वेळी चिकटते आणि तिला ढकलणारी सळई वाकते. लायकमिंगने याच भीतीने आपल्या ३८८ क्रमांकाच्या पत्रकात झडप नळीत किती डुलते हे मोजण्याची तरतूद केली आहे. पण ते मोजावयाचे तर झाकण काढा, स्प्रिंगा काढा, म्हणजे ज्याची शंका येईल त्याच इंजिनावर ते होणार. आणि शंका यावयाची कशी, जर 'इंजिन चालवून पाहिले, ठीक आढळले' असा शेरा आधीच पडलेला असेल?

पद्धतवादी : येथे मी तुम्हाला नवे साधन दाखवतो, आणि त्याला तुम्ही कोष्टक म्हणून हिणवू शकणार नाही. प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टमध्ये तापमापक बसवून दर काही सेकंदांनी चोहोंचे तापमान नोंदून ठेवणारी यंत्रे आता मिळतात. ती तुमच्या चिकटणाऱ्या झडपेलाही पकडतात: सकाळच्या पहिल्या दोन मिनिटांत तिसऱ्या सिलिंडरचे तापमान इतरांच्या मागे राहिले आणि मग एकाएकी त्यांना येऊन मिळाले, हे नोंदीत कायमचे उमटते, मेकॅनिक दुपारी आला तरी हरकत नाही. ज्याचा एक प्लग मेला त्याच्या एक्झॉस्टचे तापमान उलट चढते, कारण उशिरा जळणारे मिश्रण झडप उघडेपर्यंत जळतच असते. आणि किल्ली एकाच मॅग्नेटोवर आणताच ज्याचे तापमान कोसळते त्याचा त्या मॅग्नेटोचा प्लग निकामी. बर्फ असेल तर चारही रेषा मिळून हलतात, एकच हलत नाही. वितळून गेलेल्या बर्फाचीही अशी निशाणी मागे राहते. तुमची तक्रार पुरावा नाहीसा होतो ही होती. येथे पुरावा उरतो.

संशयी : ते यंत्र मला आवडते, आणि ज्या क्लबाला परवडते त्याने ते अवश्य बसवावे, बहुतेक शिकाऊ विमानांत मात्र एक्झॉस्टचे तापमान दाखवणारी एकच तबकडी असते किंवा तीही नसते. पण त्या रेषांतही एक नवा संशयित शिरतो, तो म्हणजे तापमापक स्वतः. त्याची जोडणी सैल झाली की निरोगी सिलिंडर थंड दिसू लागतो. मग काय होते? ज्या दोषाची वैमानिकाला जाणीवही नव्हती तो आकड्यांत दिसतो म्हणून चांगला सिलिंडर उतरवला जातो. आणि उतरवलेला सिलिंडर परत बसवताना चूक होण्याचा संभव हा काल्पनिक नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन हा जीवशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी यांनी लिबरेटर विमानांच्या दुरुस्तीच्या नोंदी मांडून पाहिल्या, तेव्हा असे दिसले की आकस्मिक बिघाड नेमून दिलेल्या तपासणीच्या लगेच नंतर वाढत आणि पुढे हळूहळू कमी होत. म्हणजे जी तपासणी दोष घालवण्यासाठी होती तीच काही दोष घालून जात होती. तेव्हा तुम्ही मला उघडून पाहा म्हणता, त्या वेळी उघडण्याचीही एक किंमत असते आणि ती त्या पुढच्या वैमानिकाने भरावयाची असते, हे मी विसरू शकत नाही.

पद्धतवादी : मग उघडूच नये काय? तुमच्या बोलण्याचा रोख असा होतो की दोष सापडत नाही म्हणून शोधू नये, आणि शोधला तर नवा दोष येईल म्हणून भ्यावे.

संशयी : नाही, मी फक्त इतकेच म्हणतो की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि ती बदलल्याने दोष हलतो का हे पाहावे. दुसऱ्या सिलिंडरचा खालचा प्लग चौथ्याला लावा. थरथर चौथ्याकडे गेली तर दोष प्लगात आहे. दुसऱ्याकडेच राहिली तर तार पाहा. तार बदलूनही राहिली तर सिलिंडर. दोष आपल्या जागेवरून उचलून दुसरीकडे नेता आला, आणि पुन्हा परत आणता आला, तर मी तो सापडला असे म्हणेन. प्लग, तारा आणि मॅग्नेटो हे तिन्ही एकदम बदलून इंजिन सुधारले तर ते विकत घेतलेले सुख आहे. त्यात कोणता दोषी होता हे कळत नाही, आणि जुने तीनही भाग 'बहुधा चांगले' म्हणून फडताळात जाऊन बसतात व पुढे दुसऱ्या विमानावर चढतात.

पद्धतवादी : ही तर माझ्या पद्धतीची सर्वांत कडक आवृत्ती झाली! तुम्ही संशयवादी म्हणून आलात आणि माझ्यापेक्षा कर्मठ होऊन बसलात.

संशयी : कर्मठ खरा, पण तुमच्या पद्धतीत दोष हजर असावा लागतो आणि माझ्या कसोटीलाही तो लागतो. जो हजर नाही त्याला या सिलिंडरवरून त्या सिलिंडरवर कसा न्यावयाचा? आपल्या दोघांचे शास्त्र तेथे संपते, आणि परवानाधारक अभियंत्याची सही मात्र तेथेच हवी असते. वैमानिकाने लिहिलेले असते, 'चढताना इंजिन थरथरले'. त्याच्या समोरच्या रकान्यात काहीतरी लिहिल्यावाचून विमान उडत नाही. प्लग साफ केले, पेट्रोल तपासले, जमिनीवर चालवून पाहिले. यांतले प्रत्येक वाक्य सत्य असते, आणि सगळी मिळून वाचणाऱ्याच्या मनात असा समज निर्माण करतात की कारण सापडले.

पद्धतवादी : त्यावर माझ्याजवळ अर्धा उपाय आहे. वैमानिकाची तक्रार एका ओळीची असते हीच मुळातली खोट. थरथर सुरू झाली त्या क्षणी फेरे किती होते, उंची किती, मिश्रण घट्ट की विरळ, ढगांत की ढगांखाली, बाहेरचे तापमान किती, कोणती टाकी, गरम हवा दिल्यावर आधी काय झाले आणि नंतर काय झाले, किल्ली फिरवली असल्यास कोणत्या बाजूला फरक पडला, सुरू केल्यापासून किती मिनिटे झाली होती, एवढे त्याने गुडघ्यावरच्या कागदावर लिहून आणले तर जो दोष हँगरमध्ये गैरहजर असतो त्याची निदान कैफियत तरी हजर राहील. विद्यार्थ्यांना आपण मॅग्नेटोची तपासणी शिकवतो, पण तक्रार लिहावयास शिकवीत नाही.

संशयी : ते शिकवा; त्याला माझी पूर्ण संमती आहे. पण ती कैफियत वाचूनही कधी बर्फ व मळलेला प्लग या दोहोंचा, कधी चिकटलेली झडप व नुसते थंड इंजिन या दोहोंचा संभव सारखाच उरेल, आणि तेव्हा कोणी तरी ठरवावे लागेल.

पद्धतवादी : मग ठरवा. तुमच्यापुढे असे विमान आहे. काल चढताना थरथरले, आज सर्व चाचण्यांत निर्दोष आहे. क्लबाकडे विमाने थोडी, विद्यार्थी ताटकळलेले, आणि तास भरल्यावाचून त्यांचा परवाना नाही. तुम्ही सही करता की नाही?

संशयी : करतो. शेऱ्यात काय काय केले ते लिहितो आणि खाली स्पष्ट शब्दांत 'कारण आढळले नाही' असे लिहितो. पहिले उड्डाण अनुभवी वैमानिकाने एकट्याने करावे, धावपट्टीच्या माथ्यावरच, इंजिन थांबले तरी तरंगत खाली येता येईल इतक्या उंचीवर. रोज सकाळी थंड इंजिन सुरू करताना मेकॅनिकने जवळ उभे राहून पहिली दोन मिनिटे ऐकावे. आणि दहा तासांनंतर एक्झॉस्टच्या झडपांचा डुलावा मोजावा.

पद्धतवादी : दहाच तास का? पाच का नाहीत, पन्नास का नाहीत? तुम्ही माझ्या प्रत्येक आकड्याला आधार मागितलात.

संशयी : दहाला आधार नाही. तो कोणत्याही पुस्तकातला नाही, मी ठरवलेला आहे. तुम्हाला तो वीस करावयाचा असल्यास त्याविरुद्ध माझ्याजवळ पुरावा नाही. पण तोवर हे विमान एकट्या विद्यार्थ्याच्या हाती देऊ नये, एवढे मी क्लबाकडे लेखी मागेन.